चाळीस गांधी टोप्या, बारा धोतरं, एक विलायती कॉलर: घरची खळ कशाची आणि किती?

सुईदोरा_अमळनेर
शाळेच्या स्नेहसंमेलनात फैजपूर काँग्रेसचा (डिसेंबर १९३६) देखावा आहे. कपडेपट असा: खादीच्या ४० गांधी टोप्या, १२ धोतरं, ६ सुती फेटे, गोऱ्या अधिकाऱ्याचा सुटा कडक कॉलर आणि त्याचा गडद निळा कोट. मैद्याची खळ करून पाहिली. रंग पिवळट आला, इस्त्रीला चिकटली. पहिल्या दहा टोप्या पुठ्ठ्यासारख्या, शेवटच्या दहा लुळ्या. कोटाच्या गळपट्टीवर पांढरे ढग उमटले. स्प्रेचा डबा चाळीस टोप्यांना परवडत नाही. प्रमाण ग्रॅममध्ये सांगा, "अंदाजाने" नको.

परीटघडी
मैदा आधी बाजूला ठेवा. त्यात दहा टक्क्यांच्या आसपास प्रथिन असतं, म्हणजे कणीक ताणली की रबरासारखं होतं ते. तेच इस्त्रीच्या तव्याला धरतं, तापलं की तांबूस होतं आणि चार दिवसांनी वास मारतं. मैद्याची खळ पतंगाला आणि भिंतीवरच्या पोस्टरला. कपड्याला हवा नुसता स्टार्च.

घरात मिळणारे पर्याय असे:

कॉर्नफ्लॉवर: पांढरं, दाबलं की करकर वाजणारं. (मक्याचं पिवळं पीठ वेगळं, ते आणू नका.) कडकपणा चांगला. गार झाली की खळ थिजते, म्हणून गरम असतानाच वापरायची.

साबुदाणा: म्हणजे टॅपिओकाचा स्टार्च. खळ काचेसारखी पारदर्शक होते, म्हणून रंगीत कपड्याला हीच. कडकपणा कमी, लवचीकपणा जास्त.

तांदूळ: कण सगळ्यांत बारीक, धाग्यात आत शिरतो. विलायतेत कॉलरसाठी तांदळाच्या स्टार्चचं नाव होतं. १८४० साली ऑर्लँडो जोन्सने तिथे त्याच्या कृतीचं पेटंट घेतलं. पण भाताची पेज म्हणजे हा स्टार्च नव्हे. पेजेत किती उतरलंय ते रोज बदलतं आणि शितांचे कण कपड्यावर खडबडीत बसतात. एखाद्या धोतराला पेज ठीक, चाळीस टोप्या एकसारख्या हव्यात तिथे नाही.

बटाटा: कण मोठे, खळ चिकट आणि तारदार. सोडून द्या.

गव्हाचा स्टार्च: या कामाला सर्वांत जुना आणि माझ्या मते सर्वांत चांगला. तो आपल्याकडे दर उन्हाळ्यात घरोघरी होतोच.

चीकवाली_चोपडा
बरोबर, कुरडईचा चीक. फक्त कुरडईला चालतो तो चीक जसाच्या तसा कापडाला चालत नाही. पुढे दोन पायऱ्या जास्त आहेत.

एक किलो गहू (लोकवन चालेल) निवडून, धुऊन भिजत घाला. उन्हाळ्यात दोन रात्री, आताच्या थंडीत तीन-चार. पाणी रोज बदला. दाणा चिमटीत दाबला की टरफल राहून पांढरं दूध बाहेर आलं पाहिजे. मिक्सरमध्ये भरपूर पाणी घालून थांबत थांबत फिरवा. अगदी बारीक करू नका. कोंडा बारीक झाला की मलमलीतून खाली उतरतो आणि टोपीवर तपकिरी ठिपके दिसतात. गाळा. चोथा पुन्हा पाण्यात चोळा, पुन्हा गाळा. पातेलं सहा ते आठ तास हलवू नका.

वरचं पाणी अलगद ओतलं की खाली दोन थर दिसतील. वरचा करडा, सैल, शेंबडासारखा. खालचा पांढराशुभ्र आणि इतका घट्ट की पातेलं तिरपं केलं तरी हलत नाही. कुरडईला दोन्ही एकत्र शिजवले तरी बिघडत नाही. कापडासाठी करडा थर चमच्याच्या पाठीने खरवडून काढायचा, सगळा. प्रथिन आणि कोंडा त्यातच असतात. (फेकू नका, धिरड्यात घाला.) पांढऱ्या थरावर ताजं पाणी घालून ढवळा, मलमलीतून गाळा, परत बसू द्या. असं तीनदा. शेवटच्या पाण्याला आंबूस वास येता कामा नये.

मग वडी कापडावर फोडून टाका, वर मलमल झाका, उन्हात खडखडीत वाळवा, चुरून बरणीत भरा. ही पूड वर्षभर टिकते. ओलीच वापरायची असेल तर त्यात जवळजवळ निम्मं पाणी धरा, म्हणजे वजन दुप्पट घ्या.

भरीतपुरी
आणि शिजवताना हिंग-मीठ घालू नका. हात सवयीने डब्याकडे जातोच.

परीटघडी
हिंगाचं खरंच. मीठ मात्र चिमूटभर चालतं, इस्त्री घसरायला मदत होते.

चीकवाली ताईंनी सांगितलेली कृती फार जुनी आहे. पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनीने खिऑस बेटावरच्या स्टार्चचं वर्णन केलंय, तेही गहू भिजवूनच. "अमायलम" या ग्रीक-लॅटिन शब्दाचा अर्थच "जात्यावर न दळलेलं". १५६४ मध्ये डिंगेन व्हॅन डेर प्लासे ही फ्लेमिश बाई लंडनला येऊन झालरीच्या गळपट्ट्यांना खळ द्यायला शिकवू लागली. खळ देण्याची शिकवणी चार-पाच पौंड, आणि खळ शिजवायची कशी याचे वेगळे वीस शिलिंग! म्हणजे शिजवणं हे वेगळं कसब आहे, हे तेव्हाही ठाऊक होतं.

सुईदोरा_अमळनेर
बठ्ठं समजनं ताई. आता शिजवायची कशी आणि कुठल्या कपड्याला किती, तेवढं सांगा.

तापीकाठ
कोरड्या पुडीचं प्रमाण, एक लिटर तयार खळीला:
धोतर, उपरणं: १० ते १२ ग्रॅम
फेटा, नऊवारी: १५ ते २०
सदऱ्याची पट्टी, बाह्यांची टोकं: ३०
गांधी टोपी: ४५ ते ५०

वजनकाटा वापरा. चमचा दाबून भरला की सैल भरला यावर दीडपट फरक पडतो.

चार लिटर टोपीची खळ: २०० ग्रॅम पूड ६०० मिली थंड पाण्यात कालवा. पूड गरम पाण्यात टाकली की बाहेरचा कण लगेच फुगतो, आतला कोरडा राहतो, म्हणून गुठळ्या होतात. बाकीचं ३.४ लिटर पाणी खळखळ उकळू द्या, आच मंद करा, कालवण बारीक धारेने सोडत ढवळत राहा. गव्हाचा स्टार्च साधारण ५५ ते ६५ अंशांना फुगायला लागतो, पण तिथे थांबायचं नाही. दुधाळ रंग जाऊन खळ निळसर, अर्धपारदर्शक झाली आणि उलथन्यावरून सलग चादरीसारखी पडली की झाली. त्यानंतरही पाच मिनिटं ठेवा. कच्ची खळ इस्त्रीखाली पापुद्रे सोडते, पोशाखवाल्यांच्या निम्म्या तक्रारी इथल्याच असतात.

शिजत असतानाच लिटरमागे टाकणखार (बोरॅक्स) अर्धा चमचा आणि पांढऱ्या मेणबत्तीचा किस पाव चमचा घाला. टाकणखाराने ताठपणा आणि चकाकी येते, मेणाने इस्त्री सरकते. मेण जास्त झालं तर कापडावर तेलकट डाग दिसतात, तेव्हा पाव म्हणजे पावच. शेवटी मलमलीतून गाळा.

टाकणखार पोटात जायची वस्तू नाही. ते पातेलं, उलथनं आणि मलमल कुरडईच्या सामानापासून कायमचं वेगळं ठेवा.

खादीभांडार_नव्हे
खादी कोरी आहे का? कोऱ्या कापडात विणकऱ्याने ताण्याला दिलेली खळ असते. ती न काढता वरून दिली तर कुठे दुप्पट, कुठे कमी बसते. आधी रात्रभर भिजवा, गरम पाण्यात साबणाने दोनदा धुवा. आणि आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चोथा होतो तोही कापडात बसतो, त्यावर खळ ठिपक्याठिपक्याने धरते. शेवटचं खळबळणं नळाच्या किंवा पावसाच्या पाण्यात.

तापीकाठ
हो, हे आधीच सांगायला हवं होतं.

आता "शेवटच्या दहा लुळ्या" याचं कारण. मैद्याचा त्यात दोष नाही, हा साधा हिशेब आहे. कापड ओलं करूनच बुडवायचं असतं, कोरडं बुडवलं तर पट्टे उठतात. दुहेरी खादीची टोपी कोरडी ४० ग्रॅमची धरा. हाताने पिळून घातली तर प्रत्येक टोपी ३० मिलीच्या आसपास साधं पाणी आत आणते आणि ४० मिली खळ घेऊन बाहेर जाते. दोन लिटरच्या पातेल्यात ५० ग्रॅमने सुरुवात केली तर तिसाव्या टोपीला खळ ३० ग्रॅमवर आलेली असते. चार लिटरमध्ये ४० वर. म्हणजे टोप्या तुमच्याच पाण्याने लुळ्या पडल्या.

उपाय: लिटरला १०० ग्रॅमची दाट खळ वेगळी शिजवून झाकून ठेवा. दर दहा टोप्यांमागे तीनशे मिली दाट खळ पातेल्यात घालून ढवळा. प्रमाण परत ५० वर येतं. वॉशिंग मशीनचा स्पिन असेल तर सगळ्या टोप्या आधी त्यातून काढा, सारख्या ओल्या होतात. पिळणंही एकाच हाताचं ठेवा. दोन जणांनी पिळल्या की दोन प्रकारच्या टोप्या होतात.

परीटघडी
टोपीचं पुढचं काम.

खळ हाताला सोसेल इतकी गरम. टोपी बुडवा, उलटी करून आतला पदर चोळा, दोन थरांमध्ये खळ शिरली पाहिजे. पिळा, झटका, ताटावर सपाट ठेवून मधल्या घडीपासून कडेकडे अंगठ्याने हवा काढा. ही हवा राहिली तर इस्त्री टेकली की तिची वाफ होते, थर सुटतात आणि टोपीवर फुगा येतो. एकदा आलेला फुगा दाबून बसत नाही, टोपी भिजवून पहिल्यापासून.

वाळवताना दोरीवर उभी टांगू नका. पाणी खाली उतरतं तशी खळही उतरते, खालची कड लाकूड आणि वरचं टोक चिंधी. आडवी, सावलीत, अर्ध्या तासाने पालथी करत. उन्हाळ्यात हे काम करणाऱ्यांनी जास्त जपायचं. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात कापडाचा वरचा पृष्ठ इतक्या लवकर सुकतो की आतली खळ पाण्याबरोबर वर ओढली जाते. वर कडक पापुद्रा, आत पोकळ, आणि घडी घातली की पांढरी रेघ. तेव्हा पहाटे करा. आत्ता डिसेंबरात ती भीती नाही.

पूर्ण वाळू द्या, मग पाणी शिंपडून सुरळी करा, ओल्या पंचात तासभर गुंडाळा. ओलावा सगळीकडे सारखा पसरला की इस्त्री. सुती खुणेवर, आधी आतून, मग बाहेरून, इस्त्री कापड पूर्ण कोरडं होईपर्यंत न थांबवता. दमट सोडलेली टोपी दहा मिनिटांत वाकते. शेवटी गरम आहे तोवर डोक्याच्या मापाच्या पालथ्या डब्यावर चढवा, थंड होईल तोवर.

नाटकी_धुळेकर
थोडं वेगळं मत. चाळीसच्या चाळीस टोप्या ५० ग्रॅमच्या केल्यात तर देखावा कापडाच्या दुकानासारखा दिसेल. फैजपूर हे खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन. अध्यक्ष नेहरू, मंडपाची सजावट नंदलाल बोस यांची, पण आलेली माणसं यावल-रावेरकडची शेतकरी. स्वयंसेवक तंबूत राहून स्वतःचे कपडे स्वतः धुणार. पुढाऱ्यांच्या दहा टोप्या ५० वर, स्वयंसेवकांच्या पंधरा २५ वर, शेतकऱ्यांच्या पंधरा बिनखळीच्या, नुसत्या तळहाताने दाबलेल्या. मागच्या रांगेतून बघणाऱ्याला माणूस कोण, हे टोपीवरूनच कळतं.

परीटघडी
पटलं. त्यात खळही वाचते. क्रम मात्र असा ठेवा: पहिल्या दहा ५० च्या, मग त्याच पातेल्यात गरम पाणी घालून दुप्पट पातळ केली की पुढच्या पंधरा. पातेल्याची पातळी मोजून मग पाणी घाला.

सुईदोरा_अमळनेर
उत्तम. नंदुरबारच्या शिरीषकुमारांचा (९ सप्टेंबर १९४२) एक प्रवेशही आहे, त्यातल्या शाळकरी मुलांच्या टोप्या?

नाटकी_धुळेकर
२५ च्या. मिरवणुकीत धावायचं, पडायचं आहे. ५० ची टोपी जमिनीवर आपटली की कड चुरते आणि पुढच्या प्रयोगाला ती पांढरी चीर तशीच दिसते.

चीकवाली_चोपडा
फेटा आणि धोतर, थोडक्यात. सबंध फेट्याला दाट खळ देऊ नका, बांधताना पीळ बसत नाही आणि कपाळावर टोचतो. सगळ्याला १५ ची. तुऱ्याच्या टोकाचा हातभर भाग तेवढा ५० च्या खळीत बुडवून, बोटभर निऱ्या घालून, दोन पाट्यांमध्ये दाबून वाळवायचा. पंखा उभा राहतो.

धोतराला १०-१२ च्या वर नको. काठाचा रंग जातो का ते आधी ओल्या पांढऱ्या चिंधीने चोळून बघा. खळ गरम असते, कच्चा रंग हमखास सोडतो. जात असेल तर काठ हातात धरून मधलं पोतच बुडवा.

नीळ द्यायची असेल तर खळीच्या आधीच्या पाण्यात द्या. खळीत टाकलेल्या नीळपुडीचे कण अडकतात, इस्त्रीखाली निळे तारे दिसतात.

भरीतपुरी
वाळत घालायला केळीची बाग जवळ असली तरी तिकडे फिरकू नका. पानाचा चीक लागला की तो डाग धोतराच्या शेवटापर्यंत सोबत. चीक चीक म्हणता दोन चिकांत गल्लत नको :)

तापीकाठ
आता कॉलर. इथे शिजवलेली खळ चालत नाही, कच्ची लागते. शिजवलेली खळ वरवर बसते. कच्च्या स्टार्चचे कण कापडाच्या थरांत शिरतात आणि इस्त्रीच्या उष्णतेने आतल्या आत शिजतात. सुट्या कॉलरची ती पाटीसारखी ताठ चकाकी यातूनच येते.

अडीचशे मिली पाण्याला २० ग्रॅम स्टार्च. तांदळाचा मिळाला तर तोच, नाहीतर कॉर्नफ्लॉवर. पाव चमचा टाकणखार दोन चमचे गरम पाण्यात विरघळवून, गार करून घाला. गरम घातला तर भांड्यातच चिकटा होईल. स्टार्च सतत तळाला बसतो, प्रत्येक वेळी ढवळा. कॉलर इथे कोरडा बुडवायचा (टोपीच्या उलट), चांगला चोळायचा, पिळून कोरड्या पंचात अर्धा तास गुंडाळायचा. इस्त्रीआधी ओल्या फडक्याने वरची पांढरी पूड पुसून काढा. ती राहिली तर तव्यावर जळून तपकिरी खवले होतात आणि तेच कॉलरवर उतरतात.

इस्त्री चांगली गरम. पहिले दोन फेरे हलके, आतल्या बाजूने, मग बाहेरून जोर देऊन, कोरडा होईपर्यंत. गरम असतानाच काचेच्या बाटलीभोवती वळवून सुतळी बांधा. गार झाल्यावर वळवायला गेलात तर मोडतो.

तव्याला खळ धरली तर इस्त्री जराशी गार करून कागदावर जाडं मीठ पसरा आणि त्यावर फिरवा. नॉन-स्टिक तव्याला मीठ लावू नका, ओलं फडकं पुरे.

शिंपीआळी
कोटाला खळ नकोच. लोकर असो की टेरिकॉट, गडद कापडावर खळ वाळली की उजेडात पांढरी दिसणारच. गळपट्टीच्या आत बकरम (ताठ अस्तराचं कापड) घाला, शिंपी तासाभरात करून देईल. आत्ताचे ढग: कोरड्या ब्रशने झाडा, मग कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने एकाच दिशेने टिपा, फडकं बदलत. चोळू नका, खळ आत जाते. गडद सुती कापडाला ताठपणा हवाच असेल तर साबुदाणा: १५ ग्रॅम रात्रभर भिजवून लिटरभर पाण्यात, दाणे पूर्ण विरून पाणी स्वच्छ होईतो उकळा, दोनदा गाळा.

खादीभांडार_नव्हे
प्रयोग झाल्यावरचं कुणी लिहिलं नाही. खळीसकट पेटीत ठेवलेल्या टोप्या म्हणजे कसर, झुरळ आणि उंदरांना जेवण. पावसाळ्यात दमटपणाने खळ मऊ पडते, बुरशीचे काळे ठिपके येतात आणि ते धाग्यात उतरले की निघत नाहीत. शिवाय घडीवर ताठ राहिलेला धागा तिथेच तुटतो.

टोप्या सोसेल इतक्या गरम पाण्यात, एन्झाइम असलेल्या पावडरीत तासभर भिजवा. पाकिटावर तसं लिहिलेलं असतं. हे एन्झाइम खळ तोडतात. पाणी उकळतं घेतलंत तर एन्झाइमच मरतात. मग धुवा, कडकडीत वाळवा, सैल घडीत ठेवा. पुढच्या प्रयोगाआधी नवी खळ. शिल्लक खळ दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका, आंबते आणि तो वास टोपीतून घामाबरोबर परत येतो.

आणि देखाव्यासाठी कुणाच्या घरातली आजोबांची खरी टोपी किंवा जुनं उपरणं मिळालं असेल तर त्याला यातलं काहीही करू नका. जुन्या धाग्याला ना गरम खळ सोसत, ना इस्त्रीचा दाब.

सुईदोरा_अमळनेर
धुतल्यावर खळ पूर्ण गेली हे ओळखायचं कसं? हाताला मऊ लागतात, पण तेवढ्यावर भरवसा नाही.

तापीकाठ
टिंक्चर आयोडीनचा एक थेंब चमचाभर पाण्यात. काडीने टोपीच्या आतल्या शिवणीवर एक टिपका. पिवळट राहिला तर खळ गेली, निळा-काळा झाला तर आहे, परत भिजवा. चाळीसांतल्या तीन-चार तपासल्या तरी चालेल, पण त्यात एक ५० वाली घ्या.

सुईदोरा_अमळनेर
आणि तो निळा टिपका?

तापीकाठ
लिंबाचा रस, नाहीतर क जीवनसत्त्वाची गोळी पाण्यात चुरून लावा. बघता बघता जातो. मग साध्या पाण्याने धुवा.